बनुबाईंची उजळणी

सुभेदार नाथाजींना फौजेतून येऊन पंचवीस वर्षं झाली, पण इन्स्पेक्शनचा धाक काही अंगातून गेला नव्हता. दरवर्षी माघात सांगलीची वल्लरी कोरेगावजवळच्या त्यांच्या वस्तीवर येई. म्हातारपणी कुणाची स्मरणशक्ती कशी ढासळते, याचा तिच्या संस्थेचा अभ्यास अकरा वर्षं चालला होता. माणातले मेंढपाळ, कुपवाडचे कामगार, वाईचे मास्तर, अंगठा उठवणाऱ्या बायका, सगळ्या तऱ्हेचे म्हातारे त्यात होते. नाथाजी आणि त्यांच्या पत्नी बनुबाई पहिल्या वर्षापासून.

तपासणी येणार म्हटल्यावर तयारी नको? मागच्या वर्षी विचारलेले पाच शब्द नाथाजींनी ध्यानात ठेवले होते, आणि दिवाळीपासून सकाळ-संध्याकाळ बायकोकडून घोटून घेतले होते. खरं सांगायचं तर गडी घाबरला होता. बनुबाई तीन वर्षांपासून विसरत चालल्या होत्या. आजार कागदावर आला की मुलगा ऋषिराज आईला कुपवाडला घेऊन जाणार, हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. मग या घरात बोलायचं कुणाशी, म्हशीशी?

वल्लरी आली. बनुबाई पदर सावरून समोर बसल्या.

"आजी, मी आता पाच शब्द सांगणार आहे..."

"दोर, आरसा, मिरची, बैल, देऊळ!" बनुबाईंनी एका दमात म्हणून टाकलं आणि नवऱ्याकडे बघून हसल्या.

वल्लरीलाही हसू आलं, पण लगेच ओसरलं. दरवर्षी तीच यादी असे, यंदाची मात्र नवी होती, आणि तिनं अजून एकही शब्द उच्चारला नव्हता. तिनं नवे शब्द सांगितले. थोड्या वेळानं विचारले, तर बनुबाईंनी पुन्हा जुनेच पाच सांगितले.

त्या आत गेल्यावर वल्लरीनं विचारलं, "आजोबा, किती वर्षं शिकवताय त्यांना?"

"तीन."

ती रागावली नाही, आणि तेच नाथाजींना जास्त लागलं.

"तीन वर्षं आमच्या कागदांवर आजी ठणठणीत आहेत. तेव्हाच कळलं असतं, तर डॉक्टरांना दाखवता आलं असतं."

"ल्योक न्हेईल की तिला, ताई."

"हे कागद आम्ही कुणाला दाखवत नाही. मुलाला काय सांगायचं ते तुम्ही दोघांनी ठरवायचं. पण मला खरं सांगा."

घरच्या माणसाला विचारायचे प्रश्न वेगळे असत. तीन वर्षं नाथाजींनी प्रत्येकाला ठणकावून 'न्हाई' म्हटलं होतं.

"वाट चुकतात का?"

"व्हय. हिरीवरनं येताना."

"स्वयंपाकात काही?"

"मीठ दोनदा पडतंय."

"माणसं ओळखतात?"

नाथाजींनी दाराकडे पाहिलं. आत बनुबाई भांडी लावत होत्या.

"सगळ्यास्नी वळखती. लेकाला, सुनंला, शेजारच्या मनुबाईला. मला तेवढं कवा कवा न्हाई."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करनार? राम राम घालतो. ती म्हंती, बसा पाव्हणं, च्या टाकते, मालक येत्यालच इतक्यात." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "मग आमी दोघं बसून माझी वाट बघतो."