सतरावा पट्टा

आई ऑगस्टच्या अखेरीस गेली. सप्टेंबरच्या दुसऱ्या शनिवारी तिच्या अस्थींचा डबा मागच्या सीटवर दोन उशांच्या मध्ये ठेवून लाइल आणि मी व्हाइटहॉर्सहून दक्षिणेला निघालो. लाइल माझा थोरला भाऊ. वय बासष्ट. तो शाळेची बस चालवतो, त्यामुळे मोकळ्या रस्त्यावरही प्रत्येक वळणाआधी त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो.

"मागे मुलं नाहीत," मी म्हटलं.

"आई आहे ना. तिला वळणावर मळमळतं."

मळमळतं, की मळमळायचं? दोघंही त्या क्रियापदाशी थांबलो आणि मग दोघांनीही खिडकीबाहेर पाहिलं.

आईचं मागणं एका वाक्याचं होतं: मला सतरावर ठेवा, एल्सीजवळ. एल्सी तिचं पहिलं मूल. अकरा दिवस जगली. आम्हा दोघांच्याही आधी. आणि सतरा म्हणजे लार्क ओढ्यावरचा, सोनं काढायला घेतलेला सतराव्या क्रमांकाचा जमिनीचा पट्टा, जिथे आईवडिलांनी नऊ उन्हाळे वाळू धुतली. लाइल सहा वर्षांचा आणि मी तीन वर्षांची असताना ते सगळं संपलं. त्यानंतर वडील अल्बर्टात गेले आणि आता तिथेच, दुसऱ्या बायकोशेजारी, पुरलेले आहेत. आमच्या घरात सतरा हा आकडा कधी नव्हताच. तो एक मुलूख होता. 'सतरावर बर्फ लवकर पडायचा', 'सतरावर तुला दात आले'. मुलुखाचाही पत्ता विचारायचा असतो, हे आम्हाला सुचलं नाही.

टॅगिशच्या पुलानंतर सरोवरं सुरू झाली. वारा पडलेला होता. डोंगर पाण्यात इतका पूर्ण उतरला होता की कडा कुठे संपतो आणि त्याचं प्रतिबिंब कुठे सुरू होतं, ते डोळ्यांना ठरवता येईना. पिवळी पडलेली झाडं दोन्ही बाजूंनी एकाच रेषेला लटकली होती. असं पाणी मी आयुष्यभर पाहत आले आहे. त्या दिवशी मात्र त्याच्याकडे पाहताना मला पाय टेकायला जागा सापडेना.

"झोपडीच्या दारातून ओढा उजव्या हाताला होता," लाइल अचानक म्हणाला.

"डाव्या."

"तू तीन वर्षांची होतीस, मॅरिट."

"आणि तू सहाव्या वर्षीही बूट उलटे घालायचास. उजवं-डावं तू मला सांगू नकोस."

तो हसला. मग पुढच्या वळणाला ब्रेक दाबला. नंतर हळूच म्हणाला, "उजव्याच हाताला होता, पण."

ॲटलिन गावात न थांबता आम्ही वर लार्क ओढ्याकडे वळलो. तिथे ऑर्व्हिल पास्क राहतो. वय चौऱ्याऐंशी, चाकं काढून टाकलेल्या एका ट्रेलरमध्ये एकटा. आमच्या आईवडिलांना त्या ओढ्यावर पाहिलेल्यांपैकी आता उरलेला हा शेवटचा माणूस. आम्ही कोण, काय करतो आणि सतरावर कशाला जायचंय ते लाइलने त्याला सांगितलं. त्याने डब्याकडे पाहून डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली, आणि विचारलं, "कुठलं सतरा?"

"आमचं," लाइल म्हणाला.

"ते कळलं रे, बस ड्रायव्हर. वरचं की खालचं?"

वरचं-खालचं असं काही आम्ही कधी ऐकलंच नव्हतं. तेव्हा त्याने बुटाच्या टाचेने धुळीत ओढ्याची एक रेघ ओढली आणि मधोमध खड्डा केला. "सोनं पहिल्यांदा सापडलं तो पट्टा हा. इथून वरच्या अंगाला एक, दोन, तीन असं मोजायचं. आणि खालच्या अंगालाही एक, दोन, तीन. म्हणजे सतरा दोन. मधे तीन मैल."

"पण आई नुसतं सतरा म्हणायची."

"घरात बसून माणूस घराचा पत्ता सांगतो का, पोरी? तुझ्या आईला, वर्नाला, माहीत होतं ती कुठे उभी आहे."

"मग आमचं कुठलं?"

म्हातारा अडखळला. "तुझ्या बापाकडे दोन्ही होते. आधी वरचा घेतला, तो विकून खालचा. की उलटं? मी त्या वर्षी डीझ सरोवराकडे होतो." त्याने टाचेने रेघ पुसली. "आणि आता दोन्हीकडे पाहण्यासारखं काही नाही. सोनं खणणारी यंत्रं तीनदा फिरली आहेत. तुमची झोपडी जिथे होती तिथे गोट्यांचे ढीग आहेत, आणि ओढा जिथे होता तिथे ओढा नाही."

उजवा हात, डावा हात. आम्ही भांडत होतो तो ओढाच उचलून दुसरीकडे टाकला होता.

"मग एल्सी?" मी विचारलं. "तिलाही यंत्राने..."

"नाही." तो पहिल्यांदाच ठामपणे बोलला. "सोन्याच्या मातीत कुणी पुरत नसे. आज ना उद्या कुणीतरी खणणारच. मेलेल्या माणसाला उठवून गाळणीत घालायचं का? आधी त्या जागेची एक परात माती धुवायची. रंग, म्हणजे सोन्याचा कण, दिसला तर दुसरी जागा. काहीच निघालं नाही, तर तिथे खड्डा. तुझ्या बापानेही धुतली असणार. या ओढ्यावर त्याशिवाय कुणी फावडं मारलं नाही."

मी त्या माणसाची कल्पना केली, ज्याला मी फक्त आईच्या शिव्यांमधून ओळखते: अकरा दिवसांचं मूल झोपडीत ठेवून ओढ्याकाठी उकिडवा बसलेला, परात फिरवणारा, आयुष्यात एकदाच सोनं नको म्हणून विनवणारा.

लाइलला एकदम हुरूप आला. "मग सोपं आहे! दोन्हीकडे धुऊन पाहू."

ऑर्व्हिलने परात, बादली आणि फावडं गाडीत टाकलं आणि स्वतः पुढच्या सीटवर बसला. मी मागे, आईशेजारी.

वरच्या सतरावर गोट्यांच्या ढिगांपलीकडे एक उंच सपाटी उरलेली होती. पुरायला तेवढी एकच जागा. लाइलने माती घेतली, पाणी ओतलं, परात गरागरा फिरवली. खडे गेले, वाळू गेली. तळाशी काळी रेती उरली आणि तिच्या काठावर चार पिवळे कण, अगदी स्पष्ट.

"रंग!" तो ओरडला, बासष्ट वर्षांचा माणूस जागच्या जागी नाचला, आणि मग ओशाळून खाली बसला.

"मग इथे नाही," ऑर्व्हिल म्हणाला. "तुझा बाप बायकांच्या नादी होता, मूर्ख नव्हता."

खालच्या सतरावरही अशीच एक सपाटी होती, विलोच्या झुडपांनी वेढलेली. क्रूस नव्हता, दगडांची रास नव्हती, काहीच नव्हतं. लाइलची पाठ धरली होती, म्हणून परात माझ्या हातात आली. मी आयुष्यात कधी माती धुतली नव्हती. मनगट कसं वळवायचं ते ऑर्व्हिल सांगत होता. "जोराने नको. पाण्याला काम करू दे. पोरी, तू भांडी घासत नाहीयेस."

खडे गेले. वाळू गेली. काळ्या रेतीची कोर उरली. मी ती उन्हात धरली.

"काय आहे?" लाइल म्हणाला.

काठाशी काहीतरी चमकलं. एकच ठिपका, टाचणीच्या टोकापेक्षा लहान. मी परात कलती केली आणि तो विझला. पुन्हा कलती केली आणि तो दुसरीकडे होता. अभ्रक फक्त उन्हात, एकाच कोनातून चमकतं, सोनं सावलीतही पिवळंच राहतं, असं ऑर्व्हिलने येताना सांगितलं होतं. पण हा ठिपका सावलीत गेला की मला तो दिसतच नव्हता. तो तिथे नव्हता, की माझे डोळे पोहोचत नव्हते? आणि नसेलच काही, तर ती जमीन रिकामी होती की माझ्या अडाणी हातांनी सोनं बादलीत सांडलं होतं? आणि रिकामी असली, तरी रिकाम्या जागा या डोंगरात कितीतरी असतील. त्यांतली एल्सीची कुठली?

"तुम्ही पाहा," मी परात ऑर्व्हिलपुढे धरली.

त्याने ती डोळ्यांच्या अगदी जवळ नेली, मग लांब धरली. त्याच्या दोन्ही बुबुळांवर मोतीबिंदूचं दूध पसरलेलं होतं; इतका वेळ मला ते दिसलं नव्हतं. "मला आता रंग दिसत नाही गं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. वरचे ते चार मी बस ड्रायव्हरच्या तोंडावर पाहिले."

लाइल माझ्या खांद्यावरून वाकला. त्याचा श्वास मला जाणवला. तो बराच वेळ पाहत राहिला. त्यालाही ठिपका दिसला असावा, नसेलही.

"तू सांग," तो म्हणाला. "धुतलं तू आहेस."

मी परात पाण्यात बुडवली आणि झटकली. काळी रेती ढगासारखी पसरून बादलीच्या तळाशी बसली.

"काही नाही," मी म्हटलं.

लाइलने मान हलवली आणि फावडं उचललं. माती मऊ होती, कोणी आधी खणलेली असल्यासारखी. किंवा विलोच्या मुळांशी माती मऊच असते. गुडघाभर खोल गेल्यावर तो थांबला, माझ्याकडे पाहिलं, आणि मी डब्याचं झाकण उघडलं.