उकळणारी फरशी

“लेकरू आजारी असलं की आत्याबाईंच्या भरवशावर सोडू नको. त्या डॉक्टरच्या आधी महाराजाला बोलावतेत,” थोरली जाऊ सत्यशीला म्हणाली होती. जावाजावांचं बोलणं म्हणून स्वप्नालीनं ते हसून सोडून दिलं.

तापाचं औषध घेऊन ती पाली गावात घरी परतली, तेव्हा ओसरीत पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध आत्याबाई, म्हणजे तिच्या सासूबाई उमाबाई. त्यांच्या मांडीवर स्वप्नालीची आठ महिन्यांची ऋतुजा, तापानं फणफणलेली. समोर गहिनीनाथ महाराज प्लास्टिकच्या कमंडलूतून शहाबादी फरशीवर तीर्थ ओतत होता. फरशी फसफसली, पांढरा फेस उसळला.

“उकळली गं बया!” बायकांनी हात जोडले.

“कावून उकळली? खाली करणी पुरली हाय!” महाराज गरजला. “तेलगावातबी अशीच उकळलती. अमावस्येला उकरून काढू. तवर लेकरू उंबऱ्याबाहेर न्यायचं न्हाई. सुई न्हाई, गोळी न्हाई.”

अमावस्येला अजून अवकाश होता. ऋतुजाच्या नाकपुड्या फुलत होत्या. रडायचंही त्राण उरलं नव्हतं.

“आत्याबाई, लेकरू द्या. दवाखान्यात नेते.”

“गप! शिकलीस म्हणून लई शानी झालीस का?”

लेकरू घ्यायला वाकली तशी स्वप्नालीच्या नाकात झणका शिरला. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला ओळखीचा झणका! तिनं कमंडलू उचलला आणि थेट समोरच्या महादेवाच्या देवळाकडं निघाली. गर्दी मागं. उमाबाई लेकरू घेऊन ओसरीच्या कडेशी आल्या.

“तिथं ओतू नको! कोप होईल!” महाराजाचा आवाज चिरकला.

तिनं देवळाच्या शहाबादी पायरीवर ओतलं. तोच फेस.

“महादेवाच्या दारातबी करणी हाय का, महाराज?”

“मंग देवळालाच ताईत बांधा की!” गर्दीतले म्हातारे धोंडीराम आप्पा खिदळले.

उरलेलं तिनं पायरीखालच्या काळ्या दगडाच्या जोत्यावर ओतलं. दगड ढिम्म.

“शहाबादी म्हणजे चुनखडीचा दगड. त्यात कॅल्शियम कार्बोनेट असतं. ॲसिड पडलं की कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचा हा फेस. काळ्या दगडात चुनखडी न्हाई, म्हणून तो गप. हे तीर्थ न्हाई आत्याबाई, संडास धुवायचं ॲसिड हाय. ॲसिडनं स्टीलचं भांडं खाल्लं असतं, म्हणून प्लास्टिकचा कमंडलू!”

महाराज चपला शोधू लागला. उमाबाईंनी नातीच्या छातीवर हात ठेवला. छाती भात्यासारखी चालली होती.

“चल. रिक्षा बोलाव. मीबी येते.”

दवाखान्यात डॉक्टरांनी छाती तपासली आणि लगेच ऑक्सिजन लावला. न्यूमोनिया. दोन दिवसांनी ऋतुजा पुन्हा अंगावर पिऊ लागली.

फरशी उकळली की हात जोडण्याआधी तिच्यावर काय ओतलं ते विचारावं. आणि तुमच्या गल्लीतही एखादं आजारी लेकरू अंगाऱ्याच्या भरवशावर घरात ठेवलेलं असेल. हे वाचणं इथंच थांबवा, त्याच्या दारात जा, श्वास कसा चाललाय तेवढं बघून या.