पांढरे लंगोट

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि असं समजा की तुमचं घर नदीत रोवलेल्या खांबांवर उभं आहे. अंगणाच्या जागी पाणी. शाळेला जायचं तर होडी, शेजारी मीठ मागायला जायचं तरी होडी. दिवसातून दोनदा लांबचा समुद्र नदीला मागे ढकलतो, मग पाणी फळ्यांखाली येऊन चुळबुळतं आणि परत जातं. दारापुढे लाकडी धक्का आहे, धक्क्याच्या टोकाला एक उंच काठी. आता तिथे गुडघे टेकून बसलेली दहा वर्षांची मुलगी बघा. लंगोट धुते आहे. ती दालिला.

तिचा भाऊ ओस्मार जन्मला तेव्हा बाप मासेमारीच्या मोठ्या बोटीवर गेलेला होता. आई लिंदाल्वा बाळंतपणाचे चाळीस दिवस पडद्याआड, अंधाऱ्या खोलीत होती. तिकडची रीतच तशी. त्यामुळे धुणं दालिलाकडे आलं, आणि ते तिनं असं केलं की नदीवरून जाणाऱ्या बायका वल्ही थांबवून म्हणायच्या, "लिंदाल्वाच्या दोरीवर बगळे बसलेत की काय गं?"

दालिला मान वळवायची नाही, पण कान तिकडेच असायचे.

ओस्मार दहा दिवसांचा असताना वाल्देनोरकाका आले होते. नदीकाठच्या घरांना होडीतून भेटी देणारे आरोग्यसेवक ते. पातळ मिशा, खांद्याला पिशवी आणि बोलायची भारी हौस. त्यांनी बाळाला उजेडात आणलं, नाकाच्या शेंड्यावर बोट दाबून उचललं. दाबलेली जागा पिवळी दिसली.

"कावीळ आहे," ते म्हणाले.

दालिला तेव्हा छपराखाली कसाव्याच्या कंदाचा कीस पिळत होती. टिपिटी, म्हणजे वेताची लांब विणलेली पिशवी, आढ्याला टांगलेली होती. ती खाली ओढली की आवळली जायची आणि तिच्यातून पिवळाधमक रस मडक्यात ठिबकायचा.

"काय गं, हा रस असाच प्यायलीस तर?" काकांनी विचारलं.

"मरेन की!"

"आणि खूप वेळ उकळून?"

"मग बदकाच्या मटणाबरोबर खाईन. पण तुम्हाला नाही देणार."

"नको देऊस. ऐक तरी. तुझ्या अंगातही असा एक पिवळा रंग रोज तयार होतो. रक्तातले लाल कण चारेक महिने राबतात, मग म्हातारे होऊन फुटतात. त्यांच्यातून हा रंग सुटतो. बिलिरुबिन म्हणतात त्याला. कच्चा असतो, पाण्यात विरघळत नाही, फार साठला तर बाधतो. मग तो जातो इथे." त्यांनी तिच्या उजव्या बरगडीखाली बोट टेकवलं. "यकृत. ही आपली स्वयंपाकीण. ती त्या कच्च्या रंगाला पाण्यात विरघळेल असा करते आणि पित्ताबरोबर एका बारीक नळीतून आतड्यात सोडते. तिथून तो बाहेर. शी पिवळी, तपकिरी का असते? त्याच्यामुळे."

"ईऽ, काका!"

"ई काय? तुझ्या भावाची स्वयंपाकीण दहाच दिवसांची आहे. हात बसला नाही तिचा. दूध पाजत राहा, दोन आठवड्यांत बसेल. बहुतेक बाळांचं असंच होतं."

"आणि नाही बसला तर?"

 काकांनी टिपिटीच्या टोकाखाली तळहात धरला. रस अडला, मग विणीतून बाजूबाजूनं पाझरू लागला.

"कावीळ तीन तऱ्हांनी होते. कीसच फार पडला तर, म्हणजे मलेरियात होतं तसं रक्तकण भराभर फुटले तर. नाहीतर स्वयंपाकीण आजारी पडली तर. घाणेरड्या पाण्यानं पडते, दारूनं पडते. आणि तिसरी ही. नळी बुजली तर. रंग जाणार कुठे? मागे फिरून रक्तात शिरतो. डोळे पिवळे, लघवी गडद, आणि शी मात्र पांढुरकी. कारण रंग तिथवर पोचलाच नाही. तसं दिसलं तर माझी वाट बघू नका. शहर गाठा. तिथले डॉक्टर आतड्याचाच तुकडा जोडून वाट करून देतात. पण दोन महिन्यांच्या आत. पुढे यकृत टणक होत जातं, मग वाट करूनही फारसा उपयोग होत नाही."

हेच त्यांनी पडद्याबाहेरून लिंदाल्वालाही सांगितलं. आतून "हो, हो" आलं. तिला ताप होता. काका गेले, पुढे त्यांच्या होडीचं इंजिन बिघडलं आणि ते त्या खाडीत परत आले नाहीत.

आली ती फिलोमेनामावशी. मंत्र घालणारी, काढे करणारी, सगळ्यांच्या घरात हक्कानं वावरणारी म्हातारी. "पिवळं पिवळ्याला ओढतं," ती म्हणाली, आणि बाळाला पिवळी झबली, पिवळी टोपडी, पिवळं पांघरूण आलं. कपड्यांना काळी कुसळं चिकटवणारं पिकांवचं झाड तिनं उकळलं आणि सात न्हाणी सांगितली, दर आठवड्याला एक. सातवं होईपर्यंत बाळाला नदीपार न्यायचं नाही.

मावशी खोटारडी नव्हती. तिच्या हातून चाळीसेक पोरं बरी झाली होती. ती तशीही झालीच असती, त्यांच्या स्वयंपाकिणींचा हात बसलाच असता, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

कावीळ झालेल्याला सगळं जग पिवळं दिसतं म्हणतात. त्या घरात उलटंच झालं. इतकं पिवळं झालं की कावीळच दिसेना. गाल पिवळे वाटले तर आई म्हणायची, "झबल्याची झाक आहे." पोट पिवळं वाटलं तर, "काढ्याचा रंग आहे." चाळीस दिवस उलटले तरी झरोक्यावरचा पडदा उठला नाही, कारण न्हाणी संपायची होती. आणि लंगोट पांढरे निघत होते. "दूध चांगलं आहे तुझं लिंदाल्वा," मावशी म्हणाली. "डागसुद्धा पडत नाही."

पाच न्हाणी झाली. बाळ त्रेपन्न दिवसांचं झालं.

त्या बुधवारी दुपारी पलीकडच्या घरातली एदिनेया आपल्या धाकट्या बहिणीचे लंगोट घेऊन दालिलाच्या धक्क्यावर आली. तेरा वर्षांची, तोंडाळ, सदा काहीतरी चघळणारी.

"सरक गं, राणीसाहेब. साबणात काय घालतेस ते बघू तरी."

"काही नाही घालत."

"थापा! माझे बघ. आमच्या पोरीनं मोहरी खाल्लीय जणू." तिनं लंगोट फळीवर आपटला. पिवळा डाग हलला नाही. घासला, साबण लावला, परत घासला. फिकट झाला, पण राहिलाच. "दाखव तुझा."

दालिलानं टोपलीतला अजून न धुतलेला लंगोट काढला आणि उघडला.

एदिनेयाचं चघळणं थांबलं. लंगोटात जे होतं ते ओल्या शाडूसारखं होतं, राखी-पांढरं. आणि त्याच्या कडेला, जिथं नुसती लघवी लागली होती, तिथं गडद चहासारखा डाग.

"हे... असंच असतं नेहमी?" एदिनेयानं विचारलं.

दालिलाच्या हातातून साबण घरंगळून नदीत पडला. ती साबणाकडे बघत राहिली. इतके दिवस तिनं डाग काढलेच नव्हते. काढायला पिवळे डाग नव्हतेच, लघवीचा डाग तर साध्या पाण्यातच जायचा. बायका वल्ही थांबवून बगळे म्हणत होत्या आणि ती मान ताठ करून ते दोरीवर टांगत होती, सगळ्या नदीला दिसेल असे. टिपिटीच्या विणीतून बाजूबाजूनं पाझरणारा रस तिला आठवला. काकांचा तळहात आठवला.

ती लंगोट तसाच घेऊन घरात धावली, पडद्याआड शिरली आणि झरोक्यावरचं फडकं ओढून टाकलं.

"अगं, अंगात आलंय का तुझ्या?" आई ओरडली. फिलोमेनामावशी सहाव्या न्हाणीसाठी पाला निवडत बसली होती.

दालिलानं बाळाचं टोपडं काढलं, झबलं काढलं. उघडं बाळ उन्हात आलं. पोट फुगलेलं, त्यावर बारीक निळ्या शिरा. बाळानं डोळे उघडले. डोळ्यांचं पांढरं पांढरं नव्हतं. टिपिटीखालच्या मडक्यात असतो तसा रंग होता.

 खाली पाणी चढत होतं, खांबांना चुबुकचुबुक लागत होतं.

"आई, हे बघ." तिनं लंगोट पुढे धरला. "काकांनी सांगितलं होतं. मला आणि तुलाही. नळी बुजलीय त्याची. दोन महिन्यांच्या आत न्यायला हवं."

"दोनच न्हाणी राहिलीत," आई म्हणाली, पण लंगोटाकडे बघताना तिचा आवाज अडखळला.

"अर्धवट टाकून पाण्यापार नेलं तर पिवळेपणा आत पळतो, पोरी," मावशी म्हणाली. "हाडात जाऊन बसतो."

"तो आतच आहे, मावशी. बाहेर जायची वाटच नाही त्याला."

मावशीनं लंगोट हातात घेतला, झरोक्याजवळ नेला, डोळ्यांजवळ धरला. तिचा अंगठा कापडावरून फिरला आणि थांबला. 

"शनिवारी बघू," लिंदाल्वा पुटपुटली. "तुझा बाप येईल. त्याला विचारून..."

"बाबा कधी येतील ते बाबांनाही माहीत नसतं!"

तेवढ्यात वळणापलीकडून इंजिनाची धडधड ऐकू आली. शहराकडे जाणारी प्रवासी बोट. बुधवारी एकदा, शनिवारी एकदा. त्या नदीवर एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही पण मोडत कुणी नाही. बोट हवी असेल तर धक्क्याच्या काठीला कापड बांधायचं. बोट थांबते. आणि थांबवलेल्या बोटीत चढलं नाही, तर त्या घराची लाज पार समुद्रापर्यंत जाते, पुन्हा त्या धक्क्याला कुठलीच बोट लागत नाही.

आईनंही धडधड ऐकली. तिनं बाळाला उराशी घट्ट धरलं, पण जागची हलली नाही.

दालिलानं खाटेवरून पिवळं झबलं उचललं. ती धावत धक्क्याच्या टोकापर्यंत गेली, काठीला मिठी मारून जमेल तितकी वर चढली, आणि वळणातून बोटीचं नाक दिसायच्या आत तिनं ते झबलं काठीला बांधलं. वारा होता, म्हणून आणखी एक गाठ मारली.