डावीकडचा शाफ्ट

शिवशरणने जीपची लहान गिअरपेटी तिसऱ्यांदा उतरवली तो रविवार होता, आणि आधीचे दोन्ही रविवारच होते. कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क असलेल्या माणसाला आठवड्यात तेवढाच एक दिवस मिळतो. सकाळी आठला तो विजापूर रोडवरच्या आपल्या घराच्या अंगणात, पाठीखाली पोतं घेऊन जीपखाली शिरला. बाहेर खुर्चीवर बसलेले त्याचे वडील सिद्धाप्पा तिथूनच सूचना देऊ लागले.

"हळू काढ. मागच्या टायमाला गॅसकेट फाडलास."

"मी न्हाई फाडलं, अप्पा. ते आधीच फाटलं होतं."

"आधी फाटलं असतं तर तेल गळलं असतं की."

तेल गळतच होतं. त्या क्षणी ते शिवशरणच्या कानामागून मानेवर उतरत होतं. पण हे सांगून काही उपयोग नव्हता, हे चव्वेचाळीस वर्षांच्या अनुभवातून त्याला ठाऊक होतं.

जीप सिद्धाप्पांची. पाटबंधारे खात्यात बावीस वर्षं त्यांनी तीच चालवली होती. खात्यानं ती लिलावात काढली आणि सिद्धाप्पांनी निवृत्त होता होता घरी आणली. जुन्या पद्धतीची फोर-व्हील गाडी. एरवी मागच्या दोन चाकांवर पळायची, आणि चिखल-वाळू आली की एक छोटा दांडा ओढून पुढची दोन चाकंही जोडायची. ही जोडाजोड करणारी ती लहान गिअरपेटी. कुठल्याही मेकॅनिकला गाडीला हात लावू द्यायचा नाही, हा सिद्धाप्पांचा नियम होता. त्यांचे गुडघे गेल्यापासून तो नियम शिवशरणच्या पाठीवर आला होता.

सगळं सुरू झालं जुलैत. अक्कलकोटकडच्या शेतावर तूर बघायला दोघं गेले होते. दोन दिवस पाऊस लागून राहिला होता आणि काळ्या मातीची वाट लोण्यासारखी झाली होती. मधल्या ओढ्यापाशी जीप बसली. सिद्धाप्पा शेजारून म्हणाले, "फोर-व्हील टाक." शिवशरणने टाकलं. मागची चाकं चिखल उडवत गरगरली, पुढची जागची हलली नाहीत. शेवटी शेजारच्या इरण्णाचा ट्रॅक्टर आला. दोरखंड बांधताना त्याची माणसं हसत होती. सिद्धाप्पा जीपमधून उतरले, धोतराचा सोगा वर धरून बांधावर उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोराला गिअर टाकाया येत न्हाय, दुसरं काय."

शिवशरण दोरखंडाची गाठ तपासायला वाकला. घरी येऊन त्याने कपडे बदलले आणि विजयमालाला, म्हणजे बायकोला, एवढंच म्हणाला, "गाडी नीट करून दाखवतो त्यांना."

पहिल्या रविवारी सिद्धाप्पांनी सांगितलं, पेटी उघड, गिअर सरकवणारा आतला काटा झिजला असेल. काटा झिजलेला नव्हता. दुसऱ्या रविवारी म्हणाले, झिजलेलं डोळ्याला दिसत नाही, बदलून टाक. त्याने जुन्या बाजारात दुपारपर्यंत हिंडून काटा मिळवला आणि बदलला. तिसऱ्या रविवारी बेअरिंग. दर वेळी पेटी परत चढवायची, मागच्या मोकळ्या प्लॉटमधल्या चिखलात गाडी घालायची, आणि दर वेळी पुढची चाकं तशीच पाहुण्यासारखी बसून राहायची.

या तिसऱ्या रविवारीही तेच झालं. साडेचार वाजले होते. सिद्धाप्पा रिक्षाने सिद्धेश्वराच्या देवळात गेले होते. शिवशरणने जीप कशीबशी चिखलातून काढून अंगणात आणली आणि हातातला पाना भिंतीवर फेकला. विजयमाला चहा घेऊन बाहेर आली. तिने पाना उचलून पायरीवर ठेवला.

"तुम्ही दर वेळी तीच पेटी का उघडता?" तिने विचारलं.

"अप्पा म्हणतात."

"अप्पा म्हणतात म्हणून मागच्या वर्षी गच्चीवरची टाकी दोनदा उतरवली. बिघाड मोटरीत होता."

शिवशरणने चहाचा घोट घेतला. तिने मोबाइल पुढे केला. दुपारी त्याचं जेवण झाकून ठेवून ती एक व्हिडिओ बघत बसली होती. कुणी एक पंजाबी मेकॅनिक अशीच जीप घेऊन समजावत होता. पुढची दोन्ही चाकं जमिनीवरून उचला. गाडी गिअरमध्ये ठेवा, फोर-व्हील टाका. आता एक चाक हाताने पुढे फिरवा. सगळं जागेवर असेल तर दुसरं चाक आपोआप उलटं फिरेल.

"एवढंच?" शिवशरण म्हणाला.

"एवढंच म्हणतोय तो."

त्याने मागच्या चाकांना दगड लावले, जॅकने पुढची बाजू उचलली, खाली लाकडी ठोकळे सरकवले. विजयमाला उजव्या चाकापाशी उकिडवी बसली. शिवशरणने डावं चाक फिरवलं. ते सायकलच्या चाकासारखं हलकं फिरलं.

"तुझं फिरतंय का?"

"जरापण नाही."

त्याने आणखी जोरात फिरवलं. उजवं चाक ढिम्म. मग तो खाली बसला आणि डाव्या चाकाच्या मधोमध असलेल्या लोखंडी टोपणाचे सहा बोल्ट खोलायला लागला. खरं तर तिथं टोपण काढलं की शाफ्टचं दातेरी टोक दिसायला हवं. शाफ्ट म्हणजे गाडीच्या पोटातून चाकापर्यंत येणारी पोलादी कांब. तीच चाक फिरवते. टोपण निघालं. आत कांब नव्हती. नुसती पोकळ नळी होती आणि तिच्यात ग्रीस माखलेला कापडाचा बोळा कोंबलेला होता. शिवशरणने तो पक्कडीने ओढून काढला. खाकी शर्टाची बाही होती, मनगटाच्या बटणासकट.

ड्रायव्हरची वर्दी. विजयमालाने बटणाकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि कपबशी उचलून आत गेली.

सिद्धाप्पा कपाळाला विभूती लावून परत आले तेव्हा शिवशरण पायरीवर बसला होता. ती बाही त्याने वर्तमानपत्रावर पसरून ठेवली होती.

"हे काय हाय, अप्पा?"

सिद्धाप्पांनी बघितलं. खुर्चीत बसायला त्यांनी नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"आतलं तेल भायेर येऊ नये म्हणून लावलंतं," ते म्हणाले.

"कधी?"

"झाली की आट वर्सं."

"आट वर्सं गाडीला पुढचा शाफ्ट न्हाई. आन् तुमाला म्हाईत होतं."

"व्हय."

"मग मला पेटी उघडायला का सांगत होता? तीन रविवार?"

सिद्धाप्पा पायातली चप्पल काढू लागले.

"इरण्णाच्या माणसांसमोर मला गिअर टाकता येत न्हाई म्हणालात."

"म्हणलो," सिद्धाप्पा म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "तितं दुसरं काय सांगणार होतो? शाफ्ट न्हाय म्हणलं असतं, तर कुटं गेला ते सांगाया लागलं असतं."

शिवशरण उठून आत गेला.  रात्री जेवण झाल्यावर सिद्धाप्पांनी भिंतीकडे तोंड करून सांगितलं ते असं. शाफ्ट बिभीषणकडे आहे. वैरागचा बिभीषण त्यांच्याच खात्यात ड्रायव्हर होता. दोघांनी एकाच लिलावात दोन जीपा घेतल्या होत्या. बिभीषण वस्त्यांवरून दुधाचे कॅन आणायचा. त्याच्या गाडीचा डावा शाफ्ट मोडला आणि तो आठ दिवसांसाठी सिद्धाप्पांचा घेऊन गेला. मग कुणीतरी येऊन सांगितलं, की बिभीषण हॉटेलात बसून म्हणाला, सिद्धाप्पाची जीप आता नुसती बसून हाय.

"मग?"

"मग काय. मागाया गेलो न्हाय."

"आट वर्सं?"

"मधी त्याचं हार्टाचं आपरेशन झालं. बगाया जायचं मनात होतं. पर गेलो असतो तर त्याला वाटलं असतं शाफ्टासाटी आला. म्हणून तितंबी गेलो न्हाय."

शिवशरणने डोक्याला हात लावला.

पुढच्या रविवारी पहाटेच तो मोटारसायकलवर वैरागला गेला. बिभीषणचं घर बाजाराच्या मागे होतं. सत्तरी ओलांडलेला, काटकुळा माणूस दारात शेंगा वाळत घालत होता. शिवशरणने आपण कोण ते सांगितलं.

"सिद्धाप्पाचा व्हय," बिभीषण म्हणाले. "त्यो जित्ता हाय का?"

"हायेत की, काका."

"मग सोता का न्हाय आला?"

शिवशरणने गुडघ्यांचं कारण सांगितलं. बिभीषणना ते फारसं पटलं नाही. ते आत गेले आणि पोत्यात गुंडाळलेलं, हातभर लांब जड काहीतरी घेऊन आले. पोतं उलगडलं. शाफ्ट ग्रीसने चमकत होता, कुठे गंजाचा ठिपका नव्हता.

"पोरानं गाडी इकली. इकायच्या आदी मी ह्यो काडून ठिवला. घेणाऱ्याला सांगितलं, ह्यो माजा न्हाय. दर दिवाळीला ग्रीस लावतो. म्हणलं, आज न उद्या येईल न्ह्यायला."

"मग तुमी का नाही आणून दिलात?"

"का म्हणून देऊ? मी सोलापुरात धा दिवस दवाखान्यात पडलोतो. छाती चिरली माजी. त्याच्या घरापासनं दवाखाना किती लांब हाय? आला न्हाय."

शिवशरणला एकाच वेळी हसू आलं आणि रडूही. वडील का आले नाहीत ते त्याने जसंच्या तसं सांगितलं. आणि हॉटेलात म्हटलेलं वाक्यही विचारलं.

"म्हणलो असंल," बिभीषण म्हणाले. "शाफ्ट माज्याकडं, मग गाडी बसूनच असणार की. त्यात वाईट काय?"

शिवशरणने शाफ्ट घ्यायला हात पुढे केला. बिभीषणनी पोतं परत गुंडाळलं.

"तुज्या हातात न्हाय द्यायचा. ज्याचा घेतला त्याच्या हातात दीन. थांब, टोपी घिऊन येतो."

आणि ते मोटारसायकलवर मागे बसले, मांडीवर शाफ्ट तिरका धरून. रस्त्यात दोन ठिकाणी शाफ्टच्या टोकाने शिवशरणच्या बरगडीत ढोसलं.

अंगणात सिद्धाप्पा खुर्चीतच होते. बिभीषण समोर जाऊन उभे राहिले. दोघांनी एकमेकांना बराच वेळ न्याहाळलं.

"वाळलास," सिद्धाप्पा म्हणाले.

"छाती चिरल्यावर मानूस वाळतंच," बिभीषण म्हणाले आणि शाफ्ट त्यांच्या मांडीवर ठेवला. "आट दिवस म्हणलोतो. जरा जास्त झालं."

सिद्धाप्पांनी शाफ्टच्या टोकावरून बोट फिरवलं. एकेक दाता मोजल्यासारखं. मग मान वर न करता म्हणाले, "यायला पायजे होतं मी. दवाखान्यात."

"व्हय. पायजे होतं."

विजयमालाने दुसरी खुर्ची आणली, आणि तिथून शिवशरणचे खरे हाल सुरू झाले. शाफ्ट बसवायचा तर डावं चाक, हब म्हणजे चाकाचा मधला जड लोखंडी भाग, आतली नळी, सगळं उतरवावं लागत होतं. आता सांगणारे दोन होते. एक म्हणे आधी वरचा नट, दुसरा म्हणे खालचा. एक म्हणे ग्रीस भर, दुसरा म्हणे भरू नको, तेल अडवणारं सील फाटेल. मग आपसात भांडायचे, आणि भांडण मिटेपर्यंत शिवशरणने हबचं वजन दोन्ही हातांवर पेलून धरायचं. दहाला सुरू केलेलं काम चारला संपलं. त्याने डावं चाक फिरवलं. उजवं चाक उलटं फिरलं. बिभीषणनी ते तीनदा फिरवायला लावलं.

चारच दिवसांनी सुट्टी होती. बिभीषण तोवर तिथेच मुक्कामाला होते; बापलेक आणि ते, असे तिघं शेतावर गेले. आदल्या रात्री पाऊस झाला होता आणि ओढ्यापाशी तोच काळा चिखल होता. शिवशरणने दांडा ओढला. पुढच्या चाकांनी माती धरली, जीप एकदा डावीकडे कलली, कण्हली आणि ओढ्यातून वर चढली. मागून दोघांनी एकाच वेळी वेगवेगळे गिअर सांगितले होते. शिवशरणने दोघांपैकी कुणाचंच ऐकलं नव्हतं.

बांधापलीकडे इरण्णा ट्रॅक्टर धूत होता. सिद्धाप्पांनी गाडी थांबवायला सांगितली. खाली उतरायला त्यांना वेळ लागला. बिभीषणच्या खांद्याला धरून ते ट्रॅक्टरपर्यंत चालत गेले.

"इरण्णा, त्या दिवशी गाडीला शाफ्टच नव्हता. मला म्हाईत होतं. पोराचं काय चुकलं न्हवतं."

इरण्णाला कुठला दिवस ते पटकन आठवेना. आठवल्यावर तो म्हणाला, "असू दे की अप्पा, त्यात काय." सिद्धाप्पा तसेच परत आले आणि जीपमध्ये बसून म्हणाले, "चल, तूर बगू." शिवशरणने गाडी सुरू केली. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण त्याने नुसताच हॉर्न वाजवून वाटेतल्या शेळ्या बाजूला केल्या.

शेतावरून आल्यावर बिभीषण दुसऱ्या दिवशी वैरागला परत जाणार होते. गेले नाहीत. शनिवारी रात्री जेवताना सिद्धाप्पा म्हणाले, की मागचं ब्रेक जरा आवाज करतंय. बिभीषण म्हणाले, व्हय, उगडून बगाया पायजे.

"उद्या मी विजयमालाला घेऊन सिनेमाला जाणार आहे," शिवशरण म्हणाला. "ब्रेकला हात लावायचा नाही. कुणीच."

दोघा म्हाताऱ्यांनी मान डोलावली.

तो गेला. सिनेमा बघितला, बाहेर भजी खाल्ली, आणि संध्याकाळी सहाला नवा शर्ट घालून अंगणात शिरला. जीपचं मागचं चाक भिंतीला टेकवलेलं होतं. ब्रेकचा ड्रम पायरीवर होता. वर्तमानपत्रावर तीन स्प्रिंगा, दोन पिना आणि एक खूप वाकडी पट्टी मांडलेली होती. सिद्धाप्पा आणि बिभीषण दोन्ही बाजूंनी वाकून बघत होते.

"चौथी स्प्रिंग कुटं गेली म्हाईत न्हाय," सिद्धाप्पा म्हणाले. "उडाली."

विजयमाला टॉर्च आणायला आत गेली. शिवशरणने शर्टाची बटणं काढली, शर्ट कुंपणाला अडकवला आणि खाली बसला.

"कुठल्या बाजूला उडाली?" त्याने विचारलं.

दोघांनी दोन दिशांना बोट दाखवलं.