ओळख वाढवायला आलेला ऋषिराज

दिवाळीच्या सुटीआधीच्या शेवटच्या तासाला राजनंदिनी मॅडमनी वर्गाला बजावलं, की सुटी म्हणजे झोपा काढायचे दिवस नव्हेत. बड्या हुद्द्यावरची माणसं दिवाळीला गावी येतात, जरा सैलावलेली असतात, फराळाला कुणालाही घरात घेतात. तेव्हा जा, भेटा, ओळख वाढवा. नोकरी अर्जानं मिळत नाही, ओळखीनं मिळते. बारामतीतल्या त्या एमबीएच्या वर्गात सगळ्यांनी माना डोलावल्या. ऋषिराजनं तर मॅडमचं वाक्य तिथल्या तिथं लिंक्डइनवर टाकलं आणि खाली मॅडमना टॅगही केलं.

स्वरालीला हा मुलगा पहिल्यापासून डोळ्यांसमोर नको असायचा. हात मिळवताना तो समोरच्याकडं बघतच नसे; त्याच्यामागं आणखी मोठं कोण उभं आहे, ते बघे. कॅन्टीनच्या मावशींना 'ए, चहा' म्हणणारा हा गडी, कुणी पाहुणे व्याख्याते आले की त्यांची बॅग धरायला फाटकापर्यंत पळायचा. स्वरालीशी तो वर्षभर धड बोलला नव्हता. पण पुण्यातल्या एका मोठ्या कारखान्यात माणसं घ्यायची की नाही हे ठरवणारे मानसिंगराव हे तिचे सख्खे चुलते, हे कुठून तरी कळल्यापासून ती त्याची 'बेस्ट फ्रेंड' झाली होती.

"काका दिवाळीला बावड्याला येतात ना?" त्यानं विचारलं.

"येतात, पण या वर्षी दिवाळी नाही आमच्यात," ती म्हणाली.

पण तोवर तो मोबाइलमध्ये शिरला होता. त्याला फक्त 'येतात' एवढंच ऐकायचं होतं.

आबा, म्हणजे स्वरालीचे आजोबा, दसऱ्याच्या तोंडावर गेले. तरुणपणी मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला, पाटाचं पाणी आल्यावर उसात रमलेला, कमी बोलणारा माणूस. त्यामुळं पाडव्याला बावडा गावातल्या त्यांच्या घरावर ना आकाशकंदील होता, ना दारात रांगोळी. ओसरीवर हार घातलेला फोटो होता आणि पहिला सण म्हणून भेटायला आलेली माणसं सतरंजीवर बसून होती. आबांचे जन्माचे सोबती माऊलीतात्या भिंतीला टेकून बसले होते. मानसिंगराव खुर्चीत होते. स्वरालीची आई कौसल्या आल्यागेल्याला चहा देत होती.

एवढ्यात दारात मोटारसायकल थांबली. ऋषिराज उतरला. अंगात निळा कुर्ता, वर जाकीट, अत्तराचा घमघमाट, आणि हातात लाल रिबन बांधलेला पेढ्यांचा खोका.

"हॅपी दिवाली सर!" तो उंबऱ्यातूनच ओरडला.

कौसल्याच्या हातातला ट्रे तसाच राहिला. ऋषिराजची नजर हारावर गेली, फोटोवर गेली, बायकांच्या चेहऱ्यांवर गेली. शरमेनं माणूस दोन पावलं मागं सरला असता. त्यानं मात्र चेहरा असा काही उतरवला, की जणू बारामतीपासून रडतच आला होता. खोका झटक्यात पाठीमागं घेतला, चप्पल काढली आणि फोटोपुढं सपशेल लोटांगण घातलं.

"ह्यो कोन म्हनायचा?" माऊलीतात्यांनी विचारलं.

"माझ्या वर्गात आहे," स्वराली म्हणाली. एवढं सांगतानाही तिची जीभ कडू झाली.

लोटांगण उरकून तो थेट मानसिंगरावांच्या पायाशी जाऊन बसला. बाकी कुणाकडं त्यानं बघितलंही नाही. "सर, बातमी कळली आणि राहवलंच नाही. आबासाहेबांविषयी खूप ऐकलंय."

"काय ऐकलंयस?" स्वरालीनं विचारलं.

"हेच... त्यांची दूरदृष्टी. त्यांचा संघर्ष."

"नाव काय त्यांचं?"

तो हसला. मग हसायची जागा नाही हे ध्यानात येऊन थांबला. फोटोखाली नाव होतं, पण ते हाराखाली झाकलं गेलं होतं. त्याची मान तिकडं जराशी वळली आणि पुन्हा सरळ झाली. "आबासाहेबच म्हणायचे ना सगळे..."

"कुनीबी न्हाय म्हनायचं," माऊलीतात्या शांतपणे म्हणाले. "धुळा नाव त्याचं. आमी धुळबा म्हनायचो."

"स्वराली, पुरे," मानसिंगराव खेकसले. "लांबून आलाय तो. दारात आलेल्या माणसाची परीक्षा घेतात का?"

ती चुलत्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हताच; आपल्या पायाशी कुणीतरी बसलंय याचं समाधान होतं. ऋषिराज मग तासभर बोलत होता आणि मानसिंगराव खुलत होते. बाप गेलेला माणूस आपल्या बढतीची हकीकत सांगत होता. जाताना ऋषिराजनं हार घातलेल्या फोटोसमोर काकांबरोबर सेल्फी काढला. काकांनी त्यासाठी केसांवरून हात फिरवला, तेही स्वरालीनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मानसिंगरावांनी मोबाइल तिच्यापुढं धरला. सेल्फीखाली ऋषिराजनं लिहिलं होतं, की थोर उद्योजक आबासाहेबांच्या सांत्वनपर भेटीतून नेतृत्वाचे पाच धडे शिकलो. पाचही धडे मानसिंगरावांविषयी होते.

"काका, आबा उद्योजक होते?"

"अगं, लिहायची पद्धत असते. पोरात चिकाटी आहे. उन्हाळ्यात ट्रेनिंगला घेतोय त्याला." आणि वर म्हणाले, "तूही तुझा बायोडाटा पाठव. शिक जरा त्याच्याकडून."

"माझं मी बघीन," ती म्हणाली. "आणि ते पुसायला सांगा त्याला. आबांचा फोटो आहे तो."

"माझाही आहे," मानसिंगराव म्हणाले.

स्वराली आत गेली. कौसल्यानं सगळं ऐकलं होतं. "जाऊ दे बाई," ती पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुझं काका बापाला पोचवून आलं तवाबी फोनवरच हुतं."

सुटी संपली. पहिल्याच तासाला राजनंदिनी मॅडमनी ऋषिराजला पुढं बोलावलं. ओळख कशी करावी, यावर त्यानं भाषण ठोकलं. मानसिंगरावांचा दाखला देऊन, भावनिक नातं जोडलं पाहिजे, म्हणाला. संधी कुठल्या रूपात येईल सांगता येत नाही, म्हणाला. टाळ्या पडल्या. मॅडम कौतुकानं स्वरालीकडं वळल्या. "तुझेच काका ना गं? तूही सांग ना काहीतरी."

ती उभी राहिली. "माझे आजोबा गेले होते, मॅडम. आमच्या घरी दिवाळी नव्हती. हा पेढे घेऊन आला, 'हॅपी दिवाली' म्हणून ओरडला आणि फोटो बघितल्यावर लोटांगण घातलं. ज्यांच्यापुढं घातलं त्यांचं नाव त्याला माहीत नव्हतं. अजूनही असेल असं वाटत नाही."

मॅडमनी हातातले कागद उगीच सारखे केले. ऋषिराज जमिनीकडं बघत राहिला. बोलून टाकलं ते बरं झालं, असं स्वरालीला खाली बसताना क्षणभर वाटलं.

मग शेजारची प्रगती तिच्याकडं झुकली. आवाज अगदी हळवा करून म्हणाली, "सॉरी गं, आजोबांचं कळलंच नाही मला. भेटायला यायचं होतं." आणि जराशानं विचारलं, "काका वर्षश्राद्धाला येतील ना बावड्याला?"

स्वरालीनं तिच्याकडं एकदा नीट बघून घेतलं, बॅग उचलली आणि सगळ्यात मागच्या रिकाम्या बाकावर जाऊन बसली.