रेग्युलेटरखालचा रंग

दीर गाडी निकालात काढायलाच आला होता. हातात मीटर होता, पण चाल अशी की गाडी जणू त्याच्याच नावावर झाली आहे.

नवरा गेल्यापासून वहिनीच ती जुनी व्हॅन चालवत होती. लॉन्ड्रीच्या धुतलेल्या चादरी हॉस्पिटलांत पोचवायचं काम तिने नेटाने धरून ठेवलं होतं. दिरालाही व्हॅन हवी होती. शेवटी सासूबाईंनी निवाडा केला: जो गाडी चालती ठेवील, त्याची गाडी. आणि नेमकी गेल्या महिन्यापासून गाडी बिथरली. बॅटरी उकळायची, दिवे फटाफट उडायचे, सीटखालून ॲसिडची वाफ निघून चादरींना भोकं पडायची. आणखी एक चादर खराब झाली तर काम बंद, असं लॉन्ड्रीवाल्याने स्पष्ट सांगितलं होतं.

दुरुस्तीला कोण? तर गाड्यांचं वायरिंग करणारा दीरच. गाडीची दुसरी किल्लीही त्याच्याच जुडग्यात. चोराच्या हाती जामदारखान्याची किल्ली म्हणतात ती हीच.

त्याने इंजिन चालू करून बॅटरीला मीटर लावला. "सतरा व्होल्ट! चौदाच्या आसपास हवेत. वहिनी, गाडी संपली. आता सोडा हिचा नाद."

"आधी म्हणालात, बॅटरीचं चार्जिंग आवरणारा रेग्युलेटर संपला. मग बॅटरी संपली. दोन्ही नवीन घातली. रोग म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं चाललंय तुमचं, भाऊजी."

"मग तुम्हीच करा की! चादरींच्या घड्या घालण्याइतकं सोपं आहे ना?"

दारात खुर्ची टाकून बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, त्याचं काम त्याला करू दे."

वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती बॉनेटखाली वाकली. आतलं सगळं हिरवंगार चकाकत होतं. गेल्याच महिन्यात दिराने आतून-बाहेरून रंग मारून आणला होता. 'दादाची आठवण नीट ठेवायला नको?' असं म्हणाला होता. दुसऱ्याच दिवशी गाडी बघायला गिऱ्हाईक आलं आणि ती आठवण कसली ते तिला कळलं. त्या रंगाचा तिला मनापासून राग होता.

ती बघत राहिली. काहीतरी नव्हतं. ती पत्र्यावरची उघडी, भादरल्यासारखी जागा कुठे गेली? नवरा रेग्युलेटरची डबी खोलून तिच्याखालचा पत्रा पॉलिश पेपरने घासायचा. तिथे रंगाचा थेंब पडू द्यायचा नाही. "हिचे पाय लोखंडाला टेकले पाहिजेत, नाहीतर हिला मोजमाप कळत नाही," म्हणायचा. ती हसायची त्याला.

तिने वायरचा एक लांब तुकडा उचलला. एक टोक डबीच्या अंगाला धरलं, दुसरं सीटखालच्या बॅटरीच्या निगेटिव्हला.

मीटरचा आकडा सरसर उतरला आणि चौदावर थांबला. तिने वायर उचलली. पुन्हा सतरा.

"डबीचं अर्थिंग तुटलंय," ती म्हणाली. "तुमच्या रंगाने. तिचे पाय लोखंडाला टेकतच नाहीत."

दिराचा चेहरा पडला. तो मीटरकडे बघत म्हणाला, "दादाने मला हे कधी सांगितलं नाही."

"मलाही शिकवलं नाही. ते घासत असायचे तेव्हा मी बघत होते. तुम्ही गिऱ्हाईक बघत होता."

इंजिन बंद करून तिने डबी खोलली आणि स्क्रू ड्रायव्हरने रंग खरवडायला घेतला. "अहो, गाडीची शोभा जाईल!" दीर ओरडला. तिने आणखी जोर लावला. खालचं लोखंड उघडं पडलं. डबी परत बसवून इंजिन चालू केलं, तेव्हा वायर न धरताही चौदाच आले.

"किल्ली," तिने हात पुढे केला.

दिराने जुडग्यातून किल्ली सोडवली आणि तिच्या हाताकडे न बघता ती खाली रंगाच्या खपल्यांत टाकली. तिने वाकावं म्हणूनच टाकली.

वहिनी वाकली नाही. हात तसाच पुढे ठेवून उभी राहिली.

दारातली खुर्ची करकरली. सासूबाई उठल्या होत्या.

"उचल," त्या लेकाला म्हणाल्या. "आणि हातात दे तिच्या."