चिडाचं खोकं

चुडामण मिस्तरींनी फळीचं एक टोक उचलून धरलं आणि दुसऱ्या हाताच्या बोटांनी ती मधोमध ठोकली. बद्द आवाज आला. मिस्तरींनी समाधानानं मान हलवली आणि फळी निवडलेल्या फळ्यांवर ठेवली.

उंबऱ्याशी रेक्झिन कापत बसलेल्या प्रमिलाबाईंची कात्री थांबली. लग्न होऊन या घरात आल्यापासून त्या हे ठोकणं ऐकत होत्या. चांगली फळी ठोकली की आवाज जरा वेळ हवेत राहतो. बद्द वाजली की ती आतून तडकलेली असते. अशी फळी मिस्तरी आजवर बाजूला टाकत आले होते. चुलीत जायची ती.

बाईंनी कात्री पुन्हा चालू केली. समोर स्टुलावर गिऱ्हाईक बसलेलं होतं.

"जुन्यासारखंच करा, नाना," शाहबाज म्हणाला. तो चाळीसगावचा, ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. पहूरहून कार्यक्रम करून येताना त्यांचा टेम्पो उलटला होता. माणसं वाचली, स्पीकरचं खोकं मात्र फुटलं. "दुसऱ्याकडून प्लायवूडचं आणलं होतं, पण गिटार घसा बसल्यासारखी वाटते त्यात."

"बठ्ठं बरोबर व्हई," मिस्तरी म्हणाले. हल्ली कुणी काहीही विचारलं तरी सगळं बरोबर होईल, हेच ते म्हणत.

धुळ्यात पारोळा रोडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान होतं. निम्म्या खान्देशातल्या बँडवाल्यांची खोकी इथूनच जात. डीजेसाठी ते जाड प्लायवूड वापरत आणि आतून आडव्या पट्ट्या मारत. "डीजेना खोकानी तोंड बंद ठेवाले पाहिजे," ते सांगत, "गिटारना खोकानी मात्र संगे गावाले पाहिजे." म्हणून गिटारसाठी चीड, म्हणजे पाइनचं लाकूड. सागात आवाज जड होतो, भुसा दाबून केलेल्या फळीत तो मरतो. कारखान्यांत यंत्रं ज्या पेट्यांतून येतात, त्या पेट्यांचं जुनं, वाळून हलकं झालेलं चीड ते भंगारवाल्याकडून हुडकून आणत.

पण प्रत्येक खोकं मनासारखं वाजेपर्यंत ते त्याच्यासमोर कान लावून बसत आणि उरलेला दिवस करवतीच्या यंत्रापाशी जाई. कान कधी गेले ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. "मळ साचना," म्हणत आणि विषय बदलत. बाईंनीही विचारलं नाही. त्या फोन स्वतः घेऊ लागल्या. गिऱ्हाईक आलं की त्याच्या मागे उभ्या राहून त्याचे शब्द ओठांनी पुन्हा म्हणू लागल्या. मिस्तरी गिऱ्हाइकाकडे बघत असल्याचं दाखवत बायकोच्या तोंडाकडे बघत. दोघांचं असं चाललं होतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हते.

फळी ठोकली की हाताला कळत असेल, असं बाई धरून चालल्या होत्या. आज कळलं, हातालाही कळत नव्हतं. सवय होती म्हणून ते ठोकत होते.

शाहबाज गेल्यावर सांगावं असं बाईंनी ठरवलं. मग जेवताना सांगावं असं ठरवलं. तोवर मिस्तरींनी फळ्या कापायला घेतल्या होत्या आणि कापताना ते गुणगुणत होते, सूर सोडून. बाईंच्यानं बोलवलं नाही.

खोकं दिसायला देखणं झालं. काळं रेक्झिन, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या. शाहबाज गिटार घेऊन आला, त्यानं खोक्याला वायर जोडली आणि वाजवायला सुरुवात केली. मिस्तरी खोक्याच्या माथ्यावर तळवा ठेवून डोळे मिटून उभे राहिले. बारीक तारा स्वच्छ वाजल्या. मग शाहबाजनं जाड तार छेडली आणि खोक्याच्या पाठीतून माशी अडकल्यासारखी घरघर आली. त्यानं पुन्हा तीच तार छेडली. पुन्हा घरघर.

त्यानं मिस्तरींकडे पाहिलं. ते डोळे मिटून हसत होते.

"खुलनं का नही?" त्यांनी विचारलं.

शाहबाजची नजर बाईंकडे गेली. बाई खाली बघत होत्या.

"एक नंबर, नाना," तो मोठ्यानं म्हणाला आणि वायर गुंडाळू लागला.

तो खोकं उचलायला वाकला तेव्हा बाई उठल्या. "राहू दे, भाऊ. हाई नेवानं नही."

"असू द्या, अक्का. चालेल मला."

"चालाव नही. त्यासना हातनं असं जावाले नको."

"काय म्हनस तू?" मिस्तरींनी विचारलं. बाईंनी त्यांचा हात धरला, खोक्याच्या पाठीवर टेकवला आणि शाहबाजला जाड तार छेडायची खूण केली. त्यानं नाइलाजानं छेडली. फळी मिस्तरींच्या तळव्याखाली शहारली. त्यांनी हात तिथेच ठेवला. चेहऱ्यावरचं हसू हळूहळू विरलं.

"तुले म्हाईत व्हतं?"

बाईंनी मान डोलावली.

"कवळपशी?"

"लई दिन व्हयनात."

"मंग बोलनी का नही?"

"बोलनी असती तं तुम्हले आयकू उनं असतं का?"

बाईंना तसं म्हणायचं नव्हतं. तोंडातून निघून गेलं. आणि ते मिस्तरींना ऐकूही गेलं नाही, कारण बोलताना बाईंनी मान फिरवली होती.

"काय?" मिस्तरी म्हणाले. "मोठ्यानी बोल."

बाई रेक्झिनचे तुकडे गोळा करू लागल्या.

"बोल ना!"

मग त्यांना ते वाक्य ओरडून म्हणावं लागलं. समोरच्या वेल्डिंगच्या दुकानातली माणसं काम थांबवून बघू लागली. शाहबाजनं मान खाली घातली.

मिस्तरींनी पेचकस घेतला आणि खोक्याची पाठ उघडायला बसले. एकही स्क्रू खाली पडू दिला नाही. तडकलेली फळी काढली, उरलेल्या फळ्यांचा ढीग बाईंपुढे सरकवला आणि म्हणाले, "ठोक."

बाईंनी ठोकल्या. एक निवडली. मिस्तरींनी ती त्याच दिवशी बसवली. शाहबाज खोकं वाजवून बघू लागला तेव्हा ते दुकानात थांबले नाहीत, गल्लीच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले. आवाज मोकळा आणि गोड निघाला होता, जुन्यापेक्षाही. हे सांगायला शाहबाज त्यांच्यामागे धावत गेला. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, ऐकलं मात्र नाही.

त्यानंतर त्यांनी खोक्याचं काम घेतलं नाही. बँडवाले आले की जळगावच्या एका कारागिराचं नाव सांगत. दारं, पलंग, देव्हारे करत. त्यांना आवाज नसतो.

थंडीत शाहबाजनं दोघांना चाळीसगावला कार्यक्रमाला नेलं. शाळेच्या मैदानावर मांडव होता, त्यानं पुढच्या खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. संध्याकाळभर मिस्तरी स्टेजवरच्या त्या खोक्याकडे बघत बसले. एका गाण्यात बराच वेळ एकटी गिटार वाजली. ती संपली, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाईंच्या हातांकडे बघून मिस्तरींनीही वाजवल्या.

टाळ्या थांबल्या, निवेदक पुढचं गाणं सांगू लागला. मिस्तरींची नजर खोक्यावरच होती, त्यांचे हात चालूच राहिले. आजूबाजूची दोन-चार डोकी त्यांच्याकडे वळली. प्रमिलाबाईंनी त्यांचा हात धरला नाही. पदर खांद्यावर सारखा केला आणि त्याही पुन्हा टाळ्या वाजवू लागल्या.